अनुभव धागा: हिवाळी सायकलफेरी आणि वाटेवरचे घोट

गाइडसोबत हिवाळ्यात सायकल हाणायची आणि मधेमधे थांबून तिथली पेयं चाखायची, असं कुणी केलंय का? मी केलंय, म्हणून सुरुवात माझ्यापासून.

अठरा किलोमीटर, चार थांबे. होतं नव्हतं ते जाड जाकीट चढवलं आणि पहिल्याच चढावर आतून ओलाचिंब झालो. चालवताना काही वाटलं नाही. दुसऱ्या थांब्यावर उतरलो, पाठीवरचा घाम गार पडला आणि दात वाजायला लागले. तेवढ्यात इवल्याशा पेल्यातून काहीतरी कडक आलं. कान गरम, गाल गरम. "आली बुवा ऊब!" म्हटलं, तर गाइडबाई हसल्या. "ही उसनी ऊब. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं आणि आपली उष्णता हवेला वाटत सुटतं. वीस मिनिटांनी बोला." वीस मिनिटांनी मला धड बोलता येत नव्हतं.

येऊ द्या तुमचेही. फजितीचे आधी.

गारठलेली बोटं
माझं दुःख वेगळंच. हातमोजे काढल्याशिवाय पेला धरता येईना, आणि धरला तर वासच येईना. नाक गळत होतं हे एक. पण वाइनही बर्फगार होती. थंडीत वास वर उडतच नाही. शिवाय तांबडी वाइन फार गार असली की तुरटपणा जिभेला टोचतो. शेजारच्या आजोबांनी खूण केली: दोन्ही तळव्यांत पेला धरा, दम धरा. पाच मिनिटांनी त्याच पेल्यातून पिकलेल्या आलुबुखाराचा वास यायला लागला. बाकी मंडळी तोवर सायकलींवर बसली होती.

माजी गाइड
एरवी वाचनमात्र असतो, पण तीन हिवाळे हेच काम केलंय, राहवलं नाही.

चाखण्याचा थांबा उताराच्या आधी कधीच ठेवायचा नाही. उतारावर पाय फिरत नाहीत आणि वारा वाढतो. हवा शून्य अंश आणि वारा ताशी वीस किलोमीटर असला की उघड्या त्वचेला ते उणे पाचसारखं लागतं. थांबा चढाच्या पायथ्याशी हवा, म्हणजे उठल्या उठल्या अंग तापतं. हलकं आधी, कडक अगदी शेवटी, आणि त्यानंतर सायकल नाहीच. थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं ते शोभेला नाही. लोक लाजतात, गिळतात, मग वळणावर मला शोधत येतात.

सकाळी टायर दाबून पाहा. उबदार खोलीत भरलेली हवा बाहेर आल्यावर मऊ पडते. पुलावर जपून; त्याला खालूनही गार वारा लागतो, म्हणून तिथे रस्त्याच्या आधी बर्फ धरतो. चाक बर्फावर गेलंच तर ब्रेक नाही, वळण नाही, सरळ जाऊ द्यायचं.

न पिणारा
आमची कुणी दखल घेत नाही! पैसे तेवढेच घेतले आणि प्रत्येक थांब्यावर हातात बाटलीबंद कोला. बाकीचे "हा मातीचा वास, हा ओक लाकडाचा" करतायत आणि मी ढेकर देतोय. पुढच्या वेळी आधी कळवलं, तेव्हा त्याच फळांचा न आंबवलेला रस गरम करून, लवंग घालून दिला. दोन्ही हातांत कप धरून उभं राहण्यात जे सुख होतं, ते पिणाऱ्यांच्या वाट्यालाही आलं नसेल.

बॅटरीपीडित
ई-सायकल घेतली होती. थंडीत बॅटरी लवकर दमते हे ऐकून होतो, पण शेवटच्या चढावर अनुभवलं. आता थांब्यावर बॅटरी काढून आत घेऊन बसतो. आणि गोठलेली बॅटरी लगेच चार्जला लावू नका, खराब होते.

आपटलेली
तिसऱ्या थांब्यानंतर, ओल्या पानांवर, चालण्याच्या वेगात. मनगट सुजलं, गाइडची काही चूक नव्हती. तीन चमचेच तर प्यायले, असं मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. खरं तर नवऱ्याचेही तीन मीच संपवले होते.

आणि सायकलला काय होतंय, असं समजू नका. जर्मनीत रक्तात १.६ प्रति हजार अल्कोहोल सापडलं तर सायकलस्वारावरही गुन्हा होतो. जपाननेही २०२४च्या नोव्हेंबरपासून सायकलवरच्या पिण्याला शिक्षा कडक केली.

धागाकर्ता
@माजी गाइड, चढाच्या पायथ्याचं आता लक्षात आलं. आमचा दुसरा थांबा टेकडीच्या माथ्यावर होता. देखावा छान होता म्हणे. मी डोळ्यांतलं पाणी पुसत होतो.

@आपटलेली, नवऱ्याने सायकल कशी चालवली?

आपटलेली
एक स्वतःची, एक माझी. ढकलत.