कोलारच्या सायनाइड टेकड्या पुन्हा उपसाव्यात का?

अनघा
जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने कोलार गोल्ड फील्ड्समधल्या १३ सायनाइड टेकड्यांतून, म्हणजे सोनं काढून झाल्यावर साचलेल्या गाळाच्या ढिगांतून, उरलंसुरलं सोनं काढायच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. माझा विरोध आहे. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने काम हाती घेतलं, २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. मधल्या काळात सुमारे ८०० टन सोनं निघालं. गावाच्या वाट्याला आले खाणीच्या तोंडावरचे गंजलेले लोखंडी मनोरे, पाण्याने भरलेली भुयारं, कामगारांच्या घरांच्या लायनी. आधी हे सगळं वारसा म्हणून जपा, मग उपशाचं बोला.

डोंगरवाट
अजिबात पटलं नाही. उपसा वरच्या टेकड्यांचा आहे, तीन किलोमीटर खोल चॅम्पियन रीफ खाणीत कोणी उतरणार नाहीये. मनोऱ्यांना धक्का लागायचं कारणच काय? आज तिथली माणसं पहाटे मारिकुप्पमहून सुटणारी गाडी पकडून बेंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात. गावात चार कामं येत असतील तर आपण लांबून 'नको' म्हणणारे कोण?

अनघा
चार कामं म्हणजे खरोखर चारच. हे जेसीबी-डंपरचं काम आहे, पूर्वीसारखी हजारो माणसं लागणार नाहीत. आणि मनोऱ्यांना कोणी हात लावला नाही तरी ते गंजून पडणारच आहेत. १९०२ साली शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्राची वीज पहिल्यांदा या खाणींना मिळाली. १९६५ मध्ये याच भुयारांत वातावरणातले न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण टिपले गेले. १९३० मध्ये बोटांचे ठसे घेण्याच्या सक्तीविरुद्ध इथल्या कामगारांनी संप केला. यातलं काय आपल्या शाळेच्या पुस्तकात आहे, सांगा! जिथे हे घडलं ती जागा तरी राहू दे.

मीनल
दोघंही धुळीबद्दल बोलत नाही आहात, आणि तिथल्या बायका रोज बोलतात त्या फक्त तिच्याबद्दल. खडक दळून, सायनाइडने सोनं धुऊन घेतल्यावर उरलेला हा गाळ पिठासारखा बारीक आहे. वारा सुटला की तो वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाकलेल्या भांड्यांवर, लेकरांच्या डोळ्यांत. माझ्या मते टेकड्या हलायलाच हव्यात.

डोंगरवाट
तेच म्हणतोय! सोनं निघेल आणि टेकड्याही जातील.

मीनल
जातील कुठे? गाळ सुमारे ३ कोटी ३० लाख टन आहे. अंदाज २३ टन सोन्याचा, म्हणजे टनामागे एक ग्रॅमसुद्धा नाही. सोनं काढलं तरी ढीग जवळपास तेवढाच उरतो, फक्त आणखी एकदा रसायनांतून गेलेला. म्हणून माझा उपशाला पाठिंबा आहे तो एकाच अटीवर: उरलेला गाळ कुठे टाकणार, त्यावर माती आणि झाडं कोण लावणार, आणि पावसाचं पाणी त्यातून झिरपून विहिरींत जाणार नाही याची हमी कोण देणार, हे निविदेतच लिहा. पैसेही आधी जमा करून घ्या. २००१ मध्ये टाळं लावताना हे कोणी विचारलं नव्हतं.