डिस्मे आणि अलार्म : दोन्हीला 'घाबरणे' नको

'डिस्मे' आणि 'अलार्म' या दोन्ही इंग्रजी शब्दांना मराठीत 'घाबरणे' चालेल, असं काहीजण म्हणतात. अलार्मला एकवेळ चालेल, डिस्मेला नाही. नागपूरजवळच्या काटोलकडची मृगबहराची (पावसाळ्यात फुलून उन्हाळ्याच्या तोंडावर पिकणारी) संत्री डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारीत गारपिटीचा इशारा आला की बागवाल्याला वाटतो तो अलार्म : धोका पुढे आहे, हातपाय हलवायला वाव आहे. शब्दाचं मूळही तेच, इटालियन 'आल्लार्मे', म्हणजे शस्त्रं घ्या! दुसऱ्या दिवशी झाडाखाली फळांचा सडा पाहून होतो तो डिस्मे. त्यात भीती थोडी, अवसान गळणं जास्त; जुन्या फ्रेंचमधल्या मुळाचा अर्थच बळ काढून घेणं. म्हणून 'टू माय डिस्मे'चं भाषांतर 'मी घाबरलो' केलं की वाक्य फसतं. 'बघतो तर काय' किंवा 'मी पार खचलो' बसतं. 'कॉन्स्टर्नेशन'मध्ये गोंधळ मिसळलेला असतो, तिथे आपला 'भांबावणे' झकास (शब्दकोशातलं 'व्याकुळता' कोण बोलतं बाप्पा?). 'अगास्ट'ला 'हबकणे'.

लिहिताना दोन ठिकाणी हमखास चुकतं. बातमी 'अलार्मिंग' असते, माणूस 'अलार्म्ड'. 'आय अ‍ॅम अलार्मिंग' म्हणजे लोकच मला भितात! आणि 'पॅनिक'चा भूतकाळ करताना शेवटच्या 'सी'पुढे 'के' घालावा लागतो, नाहीतर 'ई'मुळे तो 'सी' स-सारखा वाचला जातो. 'पॅनिकिंग'लाही तेच.