पाचगणीचे खापरपणजोबा आणि डंडीची जीन: सख्खी भावंडं होती हे पक्कं कसं करायचं?

सातारकर_७५
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळाय, हसू नका. माझ्या आईच्या आजीचे वडील स्कॉटलंडचे. रेल्वेत फिटर म्हणून मुंबईला आले, इथंच लग्न केलं, रिटायर झाल्यावर पाचगणीत घर घेतलं आणि तिथंच गेले. पुढं सगळी सोयरीक मराठी माणसांतच झाली त्यामुळं आम्ही आता कंदी पेढेवाले पक्के सातारी. मागच्या महिन्यात आजीची पत्र्याची ट्रंक उघडली तर डांबराच्या गोळ्यांच्या वासात पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो सापडला, गळ्यापर्यंत बंद काळा झगा घातलेली बाई, मागं पेन्सिलनं इंग्रजीत "माझी बहीण जीन, डंडी", बास. डंडी म्हणजे स्कॉटलंडातलं शहर.

खापरपणजोबांचं नाव अलेक्झांडर (आडनाव इथं टाकत नाही, आई ओरडेल). मुंबईच्या चर्चच्या नोंदीत लग्न १८७९ चं, वय २७, बापाचं नाव जॉन, आईचं नावच नाही. आता डंडीत त्याच आडनावाची एक जीन मिळाली, जन्म १८५८, बाप जॉन. आमचे दाजी म्हणतात जुळलं की, अजून काय पाहिजे. पण मला काय ते पटंना. आणि एक, माझ्या आजीच्या आईला, म्हणजे अलेक्झांडरच्या लेकीला, घरात मेरी लिंडसे म्हणायचे, ते लिंडसे कुठनं आलं कुणालाच माहीत नाही, माहेरचं आडनाव वेगळं, सासरचं वेगळं.

मोडीवाचक
दाजींना चहा पाजा आणि गप्प बसवा 😄 स्कॉटलंडात जॉन म्हणजे आपल्याकडं महादेव. नुसत्या बापाच्या नावावर भावंडं ठरवली तर निम्मं डंडी तुमचं पाहुणं निघंल.

तिकडं सगळं फिरतं आईच्या माहेरच्या आडनावावर. १ जानेवारी १८५५ पासून तिथं सरकारी नोंदणी सक्तीची झाली आणि जन्म, लग्न, मृत्यू तिन्ही दाखल्यांवर आईचं माहेरचं आडनाव येतं. म्हणजे जीनचा नुसता जन्मदाखला काढून थांबू नका, तिच्या लग्नाचा नि मृत्यूचा पण बघा, तिन्हीकडं आई एकच आली तर माणूस एकच. बाई लग्नानंतरही माहेरच्या नावानं सापडते, थडग्यावर पण तसंच कोरतात. स्कॉटलंड्स पीपल म्हणून सरकारी साइट आहे, दाखल्याचं एक पान सहा क्रेडिट म्हणजे दीड पाऊंड. आधी इंडेक्स नीट चाळा मगच पैसे घाला, मी सुरुवातीला भलत्याच माणसाचे चार दाखले विकत घेतलेत.

एक गंमत सांगतो. सगळ्यात भारी दाखले १८५५ चे, आधीची मुलं किती, आईबापाचं वय, जन्मगाव, लग्न कधी कुठं, सगळं त्यात. लिहून लिहून कारकून बेजार झाले असणार, पुढच्याच वर्षी रकाने कमी केले आणि आईबापाच्या लग्नाची तारीख थेट १८६१ ला परत आली. तुमची जीन १८५८ ची म्हणजे नेमकी त्या खड्ड्यात. आईचं आडनाव मात्र मिळेल.

अलेक्झांडर १८५५ च्या आधीचा, त्याच्यासाठी चर्चची जुनी रजिस्टरं. तिथं नाव नाही मिळालं तर लगेच हातपाय गाळू नका, १८४३ ला तिथलं चर्च फुटून फ्री चर्च वेगळं झालं आणि त्या फ्री चर्चवाल्यांच्या पोरांच्या नोंदी त्या रजिस्टरात बऱ्याचदा नसतातच. मग १८६१ ची जनगणना बघा, दोघं एका छताखाली सापडायला पाहिजेत.

मिरजवाली_ताई
मला स्कॉटलंडचं ओ की ठो कळत नाही पण वाचताना आमचा हेळवी आठवला. आमच्याकडं अजून येतो, पूर्वी बैलावर बसून यायचा आता मोटरसायकलवर, दारात बसून सात पिढ्या घडाघडा म्हणतो, कोण कुठल्या गावाला दिली ते सुद्धा. जाताना धान्य घेतो आणि नवीन पोरांची नावं चोपडीत मांडून घेतो. माझ्या सासऱ्यांच्या सख्ख्या-सावत्र भावाचा वाद त्यानंच मिटवला होता, दोघांच्या आया वेगळ्या गावच्या एवढं एकच वाक्य बोलला तो.

म्हणून विचारते भाऊ, ते लिंडसे आडनावच आहे ना? पोरीच्या नावात मधे आजीचं माहेर घुसवलं असेल का?

मोडीवाचक
ताई, पायाचा फोटो पाठवा, पडतो 🙏 मी एवढं लांबलचक लिहिलं आणि हेच सुटलं. स्कॉटलंडात ही रीतच आहे, आजीचं माहेरचं आडनाव नातवंडाला मधलं नाव म्हणून देतात. शिवाय पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं, अगदी आपल्यासारखंच. पण हा पुरावा नव्हे, नुसता माग. कितीतरी घरांनी पाळलेलं नाही. एक पोर गेलं की तेच नाव पुढच्याला ठेवायचे, त्यामुळं एका घरात दोन अलेक्झांडर निघाले तर दचकू नका.

कास_पठार
एवढी उठाठेव कशाला, डीएनए टेस्ट करा विषय संपला. बाकी ते माल्कम पेठवाले माल्कम आणि साताऱ्याचे ग्रँट डफ दोघं स्कॉटिशच बरं का, बघा काही नातं लागतंय का 😜

मोडीवाचक
संपत नाही हो. करायचीच तर यांच्या आईची करा, यांची नको. जीनची पणतवंडं आणि यांची आई हे तिसऱ्या पिढीचे चुलत, त्यातसुद्धा दहातल्या एखाद्या जोडीत काहीच जुळत नाही, आणि यांच्या पिढीला आलं की जवळपास छापा-काटा. शिवाय जीनच्या वंशातल्या कुणीतरी टेस्ट केलेली पाहिजे, नाहीतर जुळवणार कुणाशी?

सातारकर_७५
मंडळी, काल रात्री दीड वाजता बायको उठून बघायला आली मी का ओरडलो म्हणून. जीनचा जन्मदाखला उघडला. बाप जॉन, लोहार. आई हेलन, माहेरचं आडनाव लिंडसे!! ताई तुम्हाला एक किलो पेढे. मग लगेच १८६१ ची जनगणना, डंडीतच, एकाच घरात जॉन, हेलन, अलेक्झांडर वय ९, जीन वय २. चर्चच्या रजिस्टरात अलेक्झांडर नाहीच, फ्री चर्चचंच प्रकरण असणार.

मोडीवाचक
अभिनंदन! पण एक खुसपट काढतोच. जनगणनेत "मुलगा" लिहिलंय ते कुटुंबप्रमुखाशी नातं, म्हणजे जॉनचा मुलगा. हेलनचा आहे असं त्यात कुठं म्हटलंय? पहिली बायको गेलेली असू शकते. तुमच्याकडं मेरी लिंडसे आहे म्हणून मी सख्खी भावंडंच धरतो, सावत्र आजीचं माहेर कोण लेकीच्या नावात घालेल. तरी जॉन-हेलनचं लग्न १८५२ च्या आधीचं आहे का तेवढं जुन्या रजिस्टरात बघा, लग्नाच्या नोंदी त्यात बऱ्या असतात.

सातारकर_७५
बघितलं. १८४९. डंडी. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आत्याबाईचा फोटो ट्रंकेत काय ठेवलाय, राजवाड्यावर नेऊन फ्रेम करून आण."