राडा म्हणजे चिखल की मारामारी?

चौकसबाई: मराठी शिकणाऱ्या सहकाऱ्यांसाठी रोजच्या बोलण्यातल्या शब्दांची यादी करतेय. झोल, लोच्या, कल्टी असले, पाठ्यपुस्तकात न सापडणारे. 'राडा'पुढे मी लिहिलं, "चारचौघांत झालेलं जोरदार भांडण, मारामारी". मुद्रितं तपासणाऱ्या साताऱ्याकडच्या बाईंनी ते खोडून "चिखल, घाण" केलं आणि समासात "मारामारी हा मुंबईकरांचा चुकीचा वापर" असा शेरा मारला. आता दोन्ही अर्थ द्यायचे का? दिले तर आधी कोणता?

पाणंद: बाईंचं बरोबर आहे. कराडकडं वळीव पडला की "पाणंदीत नुसता राडा झालाय, गाडी घालू नका" असंच म्हणतात. गोठ्यातही राडाच. चिखलाच्या पायांनी आत गेलो की आजी ओरडायची, "समद्या सोप्यात राडा केलास की रं!" तिथं कोण कुणाला मारत होतं?

जलदलोकल: मग "मंडळाच्या मिटिंगमध्ये राडा झाला" म्हणजे काय, चिखल झाला? परळ-लालबागला हा शब्द ऐकला की माणसं दुकानाची फळी पाडतात. पिढ्यान्‌पिढ्या बोललेल्या अर्थाला चुकीचं म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

कयासकर्ता: दोन्हींचा सांधा 'राडारोडा'त असावा. घर पाडल्यावर उरतो तो. रोडा म्हणजे विटेचा तुकडा. भांडणात विटा-दगड भिरकावले जातात, म्हणून राडा!

पाणंद: ओढूनताणून आणलंत. चिखल तुडवला की जी कालवाकालव होते, तीच माणसांची झाली, इतकं सरळ आहे ते.

शुद्धमराठी: मुळात असले शब्द शिकवायचेच कशाला? तंटा, बखेडा, कलह, हाणामारी काय कमी पडले? सावरकरांनी दिनांक, महापौर दिले तेव्हाही लोक हसले होते. आज ते रुजलेत. शिकवलं तर रुजतं.

जलदलोकल: दिनांक अर्जावर रुजला. कोर्टात आजही तारीखच पडते. आणि कलह बंद दाराआड वर्षानुवर्षं चालू शकतो. राड्याला बघे लागतात. एका शब्दाचं काम दुसऱ्याला जमत नाही.

खडूफळा: 'गोंधळ' आठवा. मूळचा देवीचा विधी, संबळ-तुणतुण्यासह रात्रभर चालणारा. आज वर्गात "गोंधळ घालू नका" म्हणताना कुणाला गोंधळी आठवतो? शिमगा आणि तमाशा यांचंही तेच. गल्लीतला शब्द म्हणून त्यांना कुणी बाजूला काढत नाही.

शुद्धमराठी: ती त्या शब्दांची घसरणच आहे. दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांचा शब्दकोश उभा केला, तो काय अशा घसरणीचं कौतुक करायला?

खडूफळा: त्यांनी तर गावोगावची बोली कोशात घेतली. त्यांचं नाव बोलीच्या विरोधात वापरू नका.

चौकसबाई: सगळं पटतंय, पण आधी कोणता अर्थ?

कयासकर्ता: यादीत झोल आणि लोच्या वेगळे ठेवलेत ना? झोलमागे कुणाचा तरी हेतू असतो. हिशेबात पैसे मुद्दाम फिरवले तर झोल, बेरीज चुकली तर लोच्या. गुजरातीत लोचो म्हणजे घोटाळा, तिथूनच आला असावा.

पाणंद: "त्यानं लोच्या केला" म्हणतोच की आपण. मग हेतू नाही कसा?

कयासकर्ता: केला, पण ठरवून नाही.

जलदलोकल: असाच फरक कल्टी आणि टांग यांत आहे. कल्टी मारायला आधी हजर असावं लागतं. टांग द्यायला आधी "येतो" असा शब्द दिलेला असावा लागतो. अर्थ लिहिताना "निघून जाणे" एवढंच लिहू नका, शिकणारा फसेल.

चौकसबाई: हे उत्तम. असंच्या असं घेते. वांधा आणि वांधे वेगवेगळे लिहू का?

खडूफळा: लिहाच. "मला वांधा नाही" म्हणजे हरकत नाही. "माझे वांधे झाले" म्हणजे पुरती अडचण. अनेकवचनात अर्थच बदलतो.

पाणंद: आमच्याकडं "काय वांधा हाय?" म्हणजे पण अडचणच. एकवचनात.

शुद्धमराठी: हरकत आणि अडचण हे दोन्ही शब्द असताना वांधा हवाच कशाला?