नोव्हेंबरात यॉर्कशायरला ग्रेलिंग पकडायला बोलावलंय, काय काय सांभाळू?

रामबागचे_काका (इंदूर)

नमस्कार मंडळी. वय ६७, बँकेतून रिटायर, मुक्काम रामबाग. लेक-जावई लीड्सला असतात आणि नोव्हेंबरात आम्ही दोघं महिनाभर तिकडे चाललोय. जावयाच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, त्यांच्या क्लबाचा वर्षातून एक रविवार असा असतो की दहा-बारा जण व्हार्फ नदीवर जमतात, ग्रेलिंग नावाच्या माशाला गळ टाकतात, दुपारी पबात जेवतात आणि अंधार पडायच्या आत घरी. जावयाने कधीतरी सांगून ठेवलं असणार की आमचे सासरे मोठे मासेवाले. झालं, आमंत्रण आलं. मी हो म्हणून बसलो.

आता खरं सांगतो. मी शेवटचा गळ टाकला तो १९७९ साली. मामा रेल्वेत होता, त्याच्याबरोबर रविवारी मीटरगेजच्या गाडीने चोरलला किंवा बडवाहला उतरायचं. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, बुचाच्या जागी मोरपिसाचा दांडा, आमिषाला कणकेची गोळी. मामाचा नियम एकच, नदीवर तोंड उघडायचं नाही. खोकला आला तरी शर्टात खोकायचा. पोहे सुद्धा आम्ही मुक्याने खायचो.

तर विचारायचं असं की तिकडे परवाना वगैरे लागतो का? पाण्यात उतरावं लागतं म्हणे, गुडघे माझे बरे आहेत पण विशीतले नाहीत. आणि दहा-बारा माणसं एकत्र म्हणजे बोलतात की गप्प राहतात? सौ. विचारतेय की सोबत खायला काय देऊ. आणि सगळ्यात मोठी अडचण: जावई म्हणतो, मासा पकडून परत सोडतात. मग पकडायचा कशाला? हे तिथे विचारलं तर वाईट दिसेल, म्हणून इथे विचारतोय.

पोहे_जिरावन (इंदूर)

काका, नऊ तासांचं विमान, वर थंडी, आणि मासा सोडून यायचा? यापेक्षा सराफ्यात रात्री खायला चक्कर मारा, तिथे पकडलेलं काही सोडावं लागत नाही.

मस्करी बाजूला. आपल्या ग्रुपला फोटो पाठवा, आणि किती किलोचा ते आधी लिहा.

छप्पनची_आठवण (शेफील्ड)

काका, मी सुदामानगरची, इथे अकरा वर्षं झाली. नवऱ्याच्या नादाने लागले, आता नवरा घरी बसतो आणि मी जाते. डर्बीशायरमधल्या नद्यांवर दर हिवाळ्यात तीन-चार फेऱ्या होतात, त्यामुळे थोडं लांबण लावते.

परवाना लागतो. सरकारचं रॉड लायसन्स ऑनलाइन मिळतं, एक दिवसाचं, आठ दिवसांचं किंवा वर्षाचं. तुम्हाला एक दिवसाचं पुरे. पण ते फक्त सरकारचं झालं. नदीचा तो तुकडा ज्याचा किंवा ज्या क्लबाचा, त्याची परवानगी वेगळी. तुम्ही पाहुणे, तेव्हा ती बाजू शेजारी बघतील, पण एकदा जावयाला विचारायला सांगा.

नोव्हेंबरच का, तर ग्रेलिंग आहे साल्मन-ट्राउटच्या घराण्यातला, पण अंडी घालतो वसंतात. ट्राउट घालतो थंडीच्या तोंडाशी. म्हणून यॉर्कशायरमध्ये ट्राउटची मासेमारी सप्टेंबरअखेर बंद होते आणि ग्रेलिंगवाल्यांचे दिवस येतात. चुकून ट्राउट लागला तर मुकाट्याने सोडायचा. आणि पाण्यात चालताना एवढं बघा: खडीचा एखादा पट्टा धुऊन ठेवल्यासारखा उजळ दिसला तर त्यावर पाय देऊ नका. तिथे ट्राउटने शेपटीने खड्डा करून अंडी पुरलेली असतात. नवख्या माणसाच्या हातून हीच चूक होते आणि इथली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण पुढच्या वर्षी बोलावतही नाहीत.

पकडायचे दोन प्रकार. एक माशीचा, म्हणजे पिसं-दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. तो एका दिवसात जमत नाही. दुसरा फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाचा, तो तुम्हाला येतोच. फ्लोट प्रवाहाबरोबर वाहू द्यायचा आणि आमिष तळाच्या जेमतेम वर राहील एवढी खोली ठेवायची, कारण हा मासा तळाशी थव्याने राहतो, तोंडही जरा खाली वळलेलं. दोरी किंचित धरून ठेवायची, म्हणजे आमिष फ्लोटच्या पुढे चालतं. आमिष म्हणजे अळ्या. दुकानात पिंटाच्या मापाने मिळतात, दुधासारख्या, आणि अर्धे लोक त्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवतात. काकूंना हे आधी सांगू नका.

फ्लोट बुडाला की लगेच उचला. मामांनी शिकवलं असेल की मासा गिळेपर्यंत थांब. इथे थांबलात तर गेला. हा चाखतो आणि थुंकतो.

आता सोडण्याचं. कायद्याने दिवसाला दोन ठेवता येतात, तेही ३० ते ३८ सेंटिमीटरमधलेच, पण अशा क्लबाच्या दिवशी कुणी ठेवत नाही. गळ बिनकाट्याचा असतो, म्हणजे टोकामागचा उलटा काटा नसलेला, किंवा पकडीने तो काटा चपटा केलेला. सोडताना पाण्यात फेकायचा नाही. हा मासा झुंजताना सगळा दम खर्च करतो. हात ओले करायचे, खालून आधार द्यायचा, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरायचा. कल्ले नीट हलायला लागले, शेपटीने तुमच्या हाताला ढकललं, की मग जातो. कधी मिनिटभर लागतो, कधी तीन-चार. "पकडायचा कशाला" याचं उत्तर मला त्या मिनिटांत मिळालं, पण ते मी सांगून तुम्हाला पटणार नाही.

आवाजाचं म्हणाल तर हसतात-बोलतात भरपूर, फक्त काठावर धपधप पाय आपटत चालायचं नाही. कुणी मासे धरत असेल तर त्याच्या पुढ्यातल्या पाण्यात उतरायचं नाही, मागून जायचं, आणि आधी विचारायचं. कंबरेपर्यंतची रबरी पँट आणि टेकायला काठी मागून घ्या. तिकडून जुने ओले-चिखलाचे बूट आणू नका, एका नदीतली कीड दुसऱ्या नदीत जाते म्हणून इथे सगळे सामान धुऊन वाळवूनच आणतात. आणि बोल्टन ॲबीजवळ स्ट्रिड नावाची जागा दाखवायला नेलं तर लांबूनच बघा. व्हार्फ तिथे दोन खडकांमध्ये एवढी आवळलेली आहे की उडी मारून ओलांडता येईल असं वाटतं. ओलांडता येत नाही, माणसं गेली आहेत तिथे.

खाऊ: शेव, चिवडा आणा. पेढे, मावा, घरचं तूप आणू नका, दुधाचं काही विमानतळावर चालत नाही.

मंडलेश्वरकर (महेश्वर रोड)

ताईंनी सगळं सांगितलंच. एक गंमत माझीही. तिकडे ग्रेलिंगची बंदी १५ मार्च ते १५ जून, म्हणजे १६ जूनला नदी उघडते. आपल्या मध्य प्रदेशात त्याच १६ जूनला बंदी लागते, १५ ऑगस्टपर्यंत. एकाच तारखेला तिकडे काठ्या बाहेर निघतात आणि इथे जाळी आत जातात. कारण एकच, अंडी. त्यांचा मासा वसंतात घालतो, आपले पावसात.

काका, तुम्ही १९७९ ची नर्मदा पाहिली आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे ज्याला बाडस म्हणतात तो महासीर, २०११ पासून राज्याचा मासा. त्यालाही ग्रेलिंगसारखंच वाहतं, स्वच्छ, खडीचं पाणी लागतं. ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर या धरणांनंतर निमाडात वाहतं पाणी किती उरलं ते घाटावर उभं राहिलं की कळतं. माझ्या काकांच्या घरी बाडस म्हणजे सणाचा मासा होता. माझ्या मुलाने तो चित्रातच पाहिलाय. तुम्ही बडवाहला खरंच बाडस धरला होता का, की सगळी मरळ आणि सिंगाडाच?

पोहे_जिरावन (इंदूर)

किलो. किलो सांगा.

रामबागचे_काका (इंदूर)

मंडळी, परत आलो. उशीर झाला, आल्यावर सर्दीने दोन आठवडे खाल्ले. सर्दीचं कारण मागून घेतलेली रबरी पँट. डाव्या पायाला कुठेतरी भोक होतं आणि मालकाला ते माहीत असावं, कारण देताना तो उजव्या पायाचंच कौतुक करत होता.

आम्ही अकरा जण होतो. नदी चहाच्या रंगाची. मला वाटलं गढूळ आहे, पण ओंजळीत घेतलं तर स्वच्छ. वरच्या डोंगरातल्या पीट मातीमुळे तो रंग येतो म्हणाले. सकाळी जागा वाटून घेतल्या, आणि शेजारी मला धरून बसले. त्यांनी डब्यातून फ्लोट काढला आणि मी बघतच राहिलो. मोरपिसाचा दांडा! वर तांबडा रंग दिलेला, बाकी मामाचाच. मी म्हटलं, आमच्याकडे हे पिसं अंगणात पडलेलं मिळतं. त्यांचा विश्वास बसेना. मग अर्धा तास मोरावरच गेला आणि दोनदा फ्लोट बुडाला तो दोघांनाही दिसला नाही.

मुक्याने काही नाही हो. खालच्या वळणावर एक जण घसरून बसला तर वरच्या वळणावरून टाळ्या. पबात लौंगेच्या शेवेची पिशवी फिरवली, एकाने ती टोमॅटो सूपवर भुरभुरवली आणि मग सगळ्यांनीच. पिशवी दहा मिनिटांत संपली.

जेवणानंतर, तीनच्या सुमाराला, उजेड जायला लागला होता तेव्हा एक लागला. तळाशी दगड अडकल्यासारखं वाटलं, मग दगड हलला. हा मासा अंग आडवं करून प्रवाहात पंख उभारतो, त्यामुळे आहे त्यापेक्षा दुप्पट वाटतो. जाळीत आला तेव्हा वीतभराहून थोडा जास्त, बस. पण तो पाठीवरचा पंख! शिडासारखा, आणि त्यावर जांभळट-लाल ठिपक्यांच्या ओळी. अंगावर मानेकडे चार-पाच काळे ठिपके, फाउंटन पेनाची शाई उडाल्यासारखे. डोळ्याची बाहुली गोल नाही, नासपतीच्या आकाराची, टोक पुढे. त्याचं शास्त्रीय नाव थाइम या वनस्पतीवरून पडलं, म्हणे ताज्या माशाला तिचा वास येतो. थाइममध्ये जे थायमॉल असतं तेच आपल्या ओव्यात. म्हणून मी नाक लावलं. माझ्या बोटांना अळ्यांचा वास येत होता, त्यापलीकडे काही कळलं नाही.

ताईंनी सांगितलं तसं तोंड प्रवाहाकडे करून धरला. बोटं बधिर. पहिल्यांदा सोडला तर कलंडला, परत धरला. शेजारी काही बोलले नाहीत, घड्याळही पाहिलं नाही. कल्ले उघडत होते, मिटत होते, आणि मी इकडे त्याच्याबरोबर श्वास घेत होतो हे नंतर लक्षात आलं. मग शेपटीचा एक धक्का, आणि हात रिकामा. ताई, पटलं.

मंडलेश्वरकर, बाडस मी धरला नाही. मामाने धरला होता एकदा, मी ओला पंचा घेऊन मागे उभा होतो. घरी आणला, गल्लीत वाटला. तेव्हा सोडायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

पोहेवाले, वजन केलं नाही. फोटोत माझा अंगठाच मोठा आलाय, तरी टाकतो.

आणि एक. फेब्रुवारीत एखाद्या रविवारी चोरलकडे जाऊ म्हणतो. धरणाचं पाणी मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असेल तर आधी त्यांना विचारून, आणि जे लागेल ते परत पाण्यात. दुपारी दाल-बाफले. काटे चपटे करायला पक्कड माझ्याकडे आहे, मोरपिसं सौ.ने देवघरामागून काढून दिलीत. कंडे (गोवऱ्या) आणि तूप कोण आणतंय ते लिहा.