बाबा १९६६-६७ ला व्हिएतनाममध्ये सायगावला ड्युटीवर होते, आता पार्किन्सन्स आहे. तिथे अमेरिकेने युद्धात झाडं मारायला केलेल्या फवारणीचा (एजंट ऑरेंज वगैरे) संबंध असू शकतो का?

सिग्नलवाल्याची_लेक (मानकापूर, नागपूर)

नमस्कार. माझे बाबा सैन्यात सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या विभागात होते. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामवर देखरेख ठेवायला आंतरराष्ट्रीय आयोग बसला. भारत त्याचा अध्यक्ष, सोबत कॅनडा आणि पोलंड. १९७३ पर्यंत आपले जवान आळीपाळीने तिकडे जाऊन आले, पण आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बाबांचं विदेश सेवा मेडल घरी आहे.

बाबा आता ८३ वर्षांचे आहेत. शुगर पन्नाशीतच निघाली. मग पार्किन्सन्स. हात थरथरायच्या आधी त्यांचं अक्षर बारीक होत गेलं. सही करताना नाव बरं यायचं, आडनावापर्यंत पोचता पोचता वाचताच येईना. बँकेतून सही जुळत नाही म्हणून स्लिप परत आली, तेव्हा आम्ही डॉक्टरकडे गेलो. ज्या बोटांनी मोर्सची की चालवली, त्यांना आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत. बघवत नाही हो.

बाबा सांगतात, सायगावच्या बाहेर गाडीने जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं ऐन पावसाळ्यात बोडकी दिसायची. विमानं खालून रांगेने जायची, मागे पांढरा फवारा. आणि क्वार्टरच्या मागे अंघोळीच्या पाण्याला वरून कापलेले लोखंडी ड्रम होते. ड्रमवर रंगीत पट्टा होता एवढं आठवतं, रंग आठवत नाही.

हा आजार त्यातूनच आला असेल का? एक लॅबवाला म्हणतो, रक्त बाहेरदेशी पाठवून डायॉक्सिन (त्या फवाऱ्यातलं विष) तपासून घ्या, खर्च बराच आहे. करावं का? अमेरिकन सैनिकांना भरपाई मिळते म्हणतात, ती बाबांना मिळेल का? आणि आम्ही दोघं भावंडं त्यानंतर जन्मलो, आम्हाला काही धोका?

जुना_पॅथॉलॉजीवाला (धंतोली)

ताई, रक्त तपासू नका. डायॉक्सिन शरीरात साधारण ७ ते ११ वर्षांत निम्मं होतं. जवळपास साठ वर्षं झाली, म्हणजे पाच-सहा वेळा किंवा जास्तच निम्मं झालं. शिवाय कचरा जाळल्यावर, अन्नातून थोडं डायॉक्सिन प्रत्येकाच्या अंगात जातंच. जो आकडा येईल तो सायगावचा की नागपूरचा, कोणीच सांगू शकणार नाही. ते पैसे फिजिओथेरपीला लावा.

ड्रमबद्दल. अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात ही फवारणी केली. २०८ लिटरचे ड्रम, आत काय आहे ते पट्ट्याच्या रंगावरून कळायचं. नारिंगी पट्ट्याचं, म्हणजे एजंट ऑरेंज, १९६५ पासून सर्वात जास्त वापरलं गेलं. पांढरा आणि निळाही होता, निळ्यात आर्सेनिकचं संयुग असायचं. एजंट ऑरेंज म्हणजे २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन तणनाशकं अर्धी अर्धी. खरं विष होतं टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन, २,४,५-टी बनवताना त्यात उतरलेलं. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रिकामे ड्रम तिथे लोक सर्रास पाण्यासाठी वापरायचे, त्यामुळे बाबांची आठवण मला पटते.

आता मुख्य प्रश्न. अमेरिकेत १९९१ च्या कायद्यानुसार एक यादी आहे. त्या काळात व्हिएतनाममध्ये असलेल्या सैनिकाला यादीतला आजार झाला, तर तो फवारणीमुळेच झाला असं सरकार धरून चालतं, सैनिकाला सिद्ध करावं लागत नाही. टाइप २ मधुमेह त्यात २००१ ला आला, पार्किन्सन्स २०१० ला, ब्लड प्रेशर २०२२ ला. पण यादीत नाव आहे म्हणजे पुरावा सगळ्यांचा सारखा, असं नाही. काही लिम्फोमा आणि सॉफ्ट टिश्यू सार्कोमा या कॅन्सरांबाबत तो भक्कम आहे. पार्किन्सन्स आणि मधुमेहाबाबत तज्ज्ञ समितीने 'मर्यादित' म्हटलंय. फवारणी करणाऱ्या हवाई दलाच्या तुकडीची वर्षानुवर्षं तपासणी झाली, त्यात डायॉक्सिन जास्त असलेल्यांमध्ये मधुमेह जास्त दिसला. पण आपल्याकडे शुगर घरोघरी आहे. तुमच्या बाबांची शुगर सायगावची की विदर्भाची, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. शक्यता आहे, एवढंच म्हणेन, आणि ती शक्यता तुम्ही गांभीर्याने घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा न्यूरॉलॉजिस्टला हा इतिहास सांगा, केसपेपरवर लिहून घ्या. बीपी, थायरॉइड, प्रोस्टेट यांवर लक्ष ठेवा. लघवीत रक्त दिसलं तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, मूत्राशयाचा कॅन्सरही त्या यादीत आहे.

भावंडांचं: पुरुष सैनिकाच्या मुलांमध्ये अमेरिका फक्त स्पायना बिफिडाला मदत देते. तो जन्मतःच दिसणारा मणक्याचा दोष, आणि त्याचाही पुरावा तज्ज्ञ समितीच्या पुढच्या अहवालात अपुरा ठरवला गेला. तुम्ही निर्धास्त राहा.

सुभेदार_मेजर_रिटायर्ड (कामठी)

ताई, जय हिंद. अमेरिकेची भरपाई फक्त त्यांच्या फौजेत नोकरी केलेल्यांना आहे, आपल्याला नाही. कोरियानेही आपल्या सैनिकांसाठी १९९३ मध्ये वेगळा कायदा केला. आपल्याकडे या फवारणीसाठी असं काही ऐकलं नाही. तरी कागद जमवून ठेवा. डिस्चार्ज बुकमध्ये इंडो-चायनाची (व्हिएतनामच्या त्या भागाचं जुनं नाव) नोंद आहे का पहा. नसेल तर जबलपूरच्या सिग्नल्स रेकॉर्ड्सला अर्ज टाका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते.

सहीचा त्रास आमच्या इथेही झाला. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, बाबांना नोव्हेंबरात रांगेत उभं करू नका. आणि पार्किन्सन्सची लिव्होडोपाची गोळी दुधासोबत किंवा वरणभातासोबत देत असाल तर थांबवा. प्रोटीनमुळे ती नीट लागत नाही. माझ्या भावाला जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायला लागलो आणि फरक दिसला. डॉक्टरला विचारूनच करा.

कापूसवाला_सावनेर

हे २,४-डी आमच्याकडे आजही दुकानात मिळून राहिलं नं! शेजाऱ्याने धुऱ्यावर मारलं, वारा इकडचा होता, माझ्या पऱ्हाटीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली निघाली. हे तेच का?

जुना_पॅथॉलॉजीवाला

भाऊ, अर्धं तेच. ज्यात टीसीडीडी उतरायचं त्या २,४,५-टीला भारतात नोंदणीच नाकारलेली आहे. पण २,४-डी निरुपद्रवी समजू नका, त्यालाही २०१५ मध्ये संभाव्य कर्करोगकारकांच्या गटात टाकलंय. मारताना हातमोजे, पूर्ण बाह्या, वारा पाहून, आणि रिकामा डबा घरात पाण्याला कधीच नको.

सिग्नलवाल्याची_लेक

सगळ्यांचे आभार. लॅबवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. गोळी आम्ही दुधासोबतच देत होतो, सोमवारी डॉक्टरांना विचारते. जबलपूरचा अर्ज भाऊ लिहून राहिला. भरपाई नाही मिळाली तरी चालेल, पण बाबा तिथे होते हे कागदावर यायला पाहिजे. विदर्भातले आणखी कोणाचे वडील, काका त्या आयोगात जाऊन आले असतील तर इथे नक्की लिहा. त्यांना कोणते आजार झाले, तेही सांगा.