मदत हवी आहे: हेवी क्रीम, बटरमिल्क आणि एव्हॅपोरेटेड मिल्क यांच्या जागी काय वापरावे?

नमस्कार. मार्चअखेरीस सासूबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त घरी नातेवाइकांचे जेवण ठरले आहे. मृग बहाराची संत्री तोवर बाजारात मिळतील, म्हणून संत्र्याचा पन्नाकोटा (क्रीम गोठवून केलेला इटालियन गोड पदार्थ), अंड्याविना चॉकलेट केक आणि टोमॅटोचे क्रीम सूप असा बेत आहे. अडचण अशी की माझ्याकडच्या पाककृती अमेरिकन आणि ब्रिटिश पुस्तकांतल्या असून त्यांत हेवी क्रीम, डबल क्रीम, हाफ अँड हाफ, बटरमिल्क आणि एव्हॅपोरेटेड मिल्क हे पदार्थ गृहीत धरलेले आहेत. माझ्या हाताशी आहे ते रतिबाचे म्हशीचे दूध, त्यावरची जाड साय, डेअरीच्या पिशव्या आणि नागपूरच्या गोकुळपेठेत कोणत्याही किराणा दुकानात मिळणारे २५ टक्के स्निग्धांशाचे क्रीमचे खोके. बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानात गोठवलेले व्हिपिंग क्रीमही मिळते, परंतु ते दुधाचे असते की वनस्पती तेलाचे, हे मला नीट कळलेले नाही.

केकवर लावण्यासाठी २५ टक्क्यांचे क्रीम किंवा घरची साय फेटून घट्ट होईल का? बटरमिल्कऐवजी आपले ताक चालेल का? शिवाय पाहुण्यांत एका भाचीला दूध पचत नाही; तिच्यासाठी वेगळा पदार्थ न करता सर्वांसाठी एकच करता येईल का? जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी माझे मला ठरवता येईल.

प्रतिसाद १

ताई, पाककृतीतल्या क्रीमच्या नावाकडे न पाहता त्यातला स्निग्धांश किती आणि त्या क्रीमकडून काम कोणते करून घ्यायचे आहे, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. अमेरिकेतल्या हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो, ब्रिटनमधल्या डबल क्रीममध्ये ४८ आणि हाफ अँड हाफमध्ये साधारण १०.५ ते १८ टक्के. आपल्याकडे फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, तर टोन्ड दुधात ३ टक्के असतो. त्यामुळे आपले २५ टक्क्यांचे क्रीम आणि टोन्ड दूध समप्रमाणात मिसळले की १४ टक्के होतात आणि हाफ अँड हाफचे काम भागते.

हेवी क्रीम सॉस किंवा गनाशसाठी (चॉकलेट आणि क्रीमच्या दाट मिश्रणासाठी) हवे असेल, तर ८० ग्रॅम क्रीम मंद आचेवर कोमट करून त्यात २० ग्रॅम बिनमिठाचे लोणी विरघळवावे. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असल्याने मिश्रण बरोबर ३६ टक्क्यांवर येते. मात्र हे मिश्रण कितीही फेटले तरी फुलणार नाही. क्रीम फुलते ते त्यातले स्निग्धांशाचे सूक्ष्म गोळे थंड स्थितीत एकमेकांना अर्धवट चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे धरतात म्हणून. वितळवून मिसळलेल्या लोण्यात ती रचनाच उरलेली नसते. नुसते २५ टक्क्यांचे क्रीमही याच कामी अपुरे पडते, कारण फेटण्यासाठी किमान ३० टक्के तरी लागतात. घरची साय तापवलेल्या दुधावरची असल्याने तिच्यात प्रथिनांचे पापुद्रे असतात. ती फेटली तर रवाळ होते आणि पुढे तिचे लोणीच निघते. फेटण्याचा हट्ट सोडून ती केकच्या पिठात लोणी आणि दूध या दोहोंऐवजी घालावी. सायीच्या केकसारखा मऊ केक मी तरी दुसरा खाल्लेला नाही.

गोठवलेल्या खोक्यावरची घटकांची यादी वाचावी. वनस्पती तेल आणि साखर लिहिलेली असेल, तर ते दुधाचे क्रीम नव्हे. त्यात आणखी साखर घालू नये. ते उन्हात अधिक टिकते हे खरे, पण जिभेवर तेलकट थर ठेवते. नागपुरात मार्चअखेरीस दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असताना दुधाचे क्रीम वापरायचे असेल, तर भांडे आणि फेटणी आधी फ्रिजमध्ये ठेवून, भांडे बर्फावर धरून, सकाळीच काम उरकावे.

प्रतिसाद २

बटरमिल्कविषयी: आपले पातळ ताक त्या जागी चालत नाही, कारण केकला दाटपणा आणि आंबटपणा दोन्ही हवे असतात. तीन भाग आंबट दह्यात एक भाग पाणी घालून घुसळावे. साधारण एक कप अशा दह्याला अर्धा चमचा खाण्याचा सोडा पुरतो. दह्याऐवजी गोडे दूध घातले, तर सोड्याला आम्ल मिळत नाही. केक बसतो आणि त्याला साबणासारखी चव येते.

एव्हॅपोरेटेड मिल्क घरी आटवून होते, परंतु त्यासाठी फुल क्रीम दूध घेऊ नये. एक लिटर टोन्ड दूध जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत ४५० मिलिलिटरपर्यंत आटवले की स्निग्धांश साधारण साडेसहा टक्क्यांवर येतो आणि डब्यातल्या दुधाशी जुळतो. कंडेन्स्ड मिल्क हा निराळा पदार्थ आहे, त्यात भरपूर साखर असते.

सुपात क्रीम शेवटी, गॅस बंद करून घालावे. टोमॅटोच्या आंबटपणाने दूध फाटते. क्रीममध्ये प्रथिने कमी आणि स्निग्धांश जास्त असल्याने ते बरेच तग धरते.

भाचीला दुधातली साखर पचत नाही की दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे, हे तिच्या आईला आधी विचारावे. नुसतेच पचत नसेल, तर लॅक्टोज काढलेले दूध चालते; ते किंचित गोड लागते, म्हणून साखर थोडी कमी करावी. ॲलर्जी असेल, तर ते दूधही चालणार नाही. अशा वेळी पन्नाकोटा सर्वांसाठीच घट्ट नारळाच्या दुधाचा करावा, संत्र्याशी त्याची चव छान जमते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तिच्या आईला विचारले. ॲलर्जी नाही, पण नारळाचा पर्याय आवडल्याने तोच करेन. एक शंका उरली आहे. पाहुण्यांत शाकाहारी अनेक असल्याने प्राणिजन्य जिलेटिनऐवजी चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचा अगर) घ्यायचा आहे. संत्र्याचा रस त्यात केव्हा घालावा?

प्रतिसाद १

चायना ग्रास उन्हाळ्यात सोयीचाच आहे, कारण त्याचा एकदा बसलेला थर ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. जिलेटिन मात्र आपल्याकडच्या दुपारी ताटातच पाघळते. आंबट रसाबरोबर उकळल्यास चायना ग्रासची पकड ढिली पडते, म्हणून तो आधी पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळून गरम नारळाच्या दुधात मिसळावा. रस फ्रिजमधला थंड नसावा, कोमट करून मग घालावा. नाहीतर मिश्रण ढवळता ढवळताच गोठून गुठळ्या होतात. सुगंधासाठी सालीचा केशरी भाग किसून दुधात मुरवावा, पांढरा भाग कडू लागतो. आपल्या संत्र्याची साल सैल असते, तेव्हा सोलण्याआधीच किसून घ्यावी.